हरळी तेवढी वाचली

आमच्या घरात शेतीविषयी शेवटचा शब्द माझ्या मोठ्या दिरांचा, म्हणजे आप्पासाहेबांचा. शेतीत मग हवामान, राजकारण, गुडघेदुखी आणि पोरांची शाळा हे सगळं आलं. नेवासा तालुक्यात त्यांची वस्ती आहे, उसाचं रान आहे, आणि मत नाही असा एकही विषय नाही. मी नगरच्या कोर्टात वकिली करते. दिवसभर माणसांना खोटं बोलताना ऐकते. पण आप्पांइतक्या ठामपणे चुकीचं बोलणारा साक्षीदार मला अजून भेटायचाय.

मागच्या दिवाळीत आम्ही सगळे वस्तीवर जेवायला बसलो होतो. माझा धाकटा आदिनाथ सात वर्षांचा आहे आणि आप्पांचा भक्त आहे. आप्पा मागे हात बांधून चालतात म्हणून हाही मागे हात बांधून चालतो, आप्पा चहा बशीत ओततात म्हणून हा दूध बशीत ओततो. तर त्यानं जेवता जेवता आप्पांना विचारलं, आमच्या सावेडीच्या घरामागं वांगी येतील का.

"सावेडीत काय येनार?" आप्पा म्हणाले. "सिमिट."

सगळे हसले. आदिनाथही हसला, पण पुढे त्याचा हात ताटात नुसताच फिरत राहिला. आणि माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, या न्यायानं मी तिथल्या तिथे जाहीर केलं की येत्या भोगीची भाजी आमच्या परसातली असेल आणि आप्पांच्या ताटात पहिलं वांगं आदिनाथ वाढेल. आदिनाथनं माझ्याकडे असं पाहिलं की आता माघार घेणं शक्य नव्हतं. आप्पा म्हणाले, बघू.

खरी गोष्ट अशी, की मला तोवर कुंडीतली तुळस जगवता आलेली नव्हती. माझा नवरा ज्ञानेश्वर शेतकऱ्याचा मुलगा; पण शेतातून जो पळाला तो थेट कॉलेजात गणित शिकवायला जाऊन थांबला, आणि खुरपं दिसलं की त्याला अजून पेपर तपासायचे आठवतात. राहिली थोरली सृष्टी. ती अकरा वर्षांची आहे आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून तिला सगळं येतं. घरामागच्या जागेत बिल्डरनं मुरूम, विटांचे तुकडे आणि एक अख्खी चप्पल पुरून ठेवलेली होती. ते सगळं आम्ही उकरून काढलं. टेम्पोनं काळी माती आणली, शेणखत आणलं, वाफे पाडले. माझी कंबर चार दिवस कोर्टात वाकूनच उभी राहिली. न्यायाधीशांना वाटलं असेल, बाई फारच नम्र झाल्या.

वांग्याची रोपं नर्सरीतून आणली. बाकी सगळं बियाणं. मेथी पेरली तर आदिनाथ रोज सकाळी उकरून बघायचा, उगवली का. म्हणून ती उगवायला तयार होईना. धणे मी न रगडता तसेच अख्खे टोचले, मग सृष्टीनं मला व्हिडिओ दाखवला, मग मी ते परत शोधत बसले. मुळा मात्र इतका दाट आला की मुळ्यांना खाली जायला जागाच उरली नाही, पोरांच्या पेन्सिलीएवढे झाले आणि तिखट एवढे की ज्ञानेश्वरनं एक खाल्ला आणि पेपर तपासणं सोडून उठला. नळाला पाणी दिवसाआड. त्यामुळे पाणी यायच्या दिवशी आम्ही आधी वांग्यांना पाणी घालायचो, मग अंघोळी.

आणि एवढं सगळं करून, माझा स्वतःचाही विश्वास बसेना, पण बागेनं जीव धरला. थंडी पडली तशी मेथी वाफ्यात मावेना. वाटाण्याला पांढरी फुलं आली. घेवडा काठीवर चढला. गाजराचा पाला बघून आदिनाथ त्याला थोपटून यायचा. वांग्याची सहा झाडं त्याची होती, बाकी कुणी हात लावायचा नाही. पहिलं जांभळं फूल आलं त्या दिवशी त्यानं शाळेच्या रिक्षावाल्याला घरात बोलावून दाखवलं. भोगीपर्यंत वांगी तयार होणार, हे सृष्टीनं गणित करून सांगितलं, आणि माझ्या छातीत, खरं सांगते, कोर्टात जिंकल्यावरही येत नाही अशी हवा भरली.

डिसेंबरात आप्पा नगरला कामासाठी आले आणि आमच्याकडे वाकडी वाट करून आले. मागे हात बांधून वाफ्यांवरून फिरले. त्यांच्यामागून आदिनाथ, मागे हात बांधून. आप्पांना नाव ठेवायला काही सापडेना. बराच वेळ तंबाखू मळली. शेवटी घेवड्याचं पान उलटं करून म्हणाले, मावा पडलाय. पडली होती थोडीशी ती बारीक कीड, खोटं कशाला बोलू. आम्ही बोटानं पुसून काढायचो. असल्या पोरखेळानं शेती होत नसते, असं सांगून आप्पांनी गाडीच्या डिकीतून पाठीवरचा पंप काढला, निंबोळी अर्काची बाटली काढली, आणि आमच्या दोन खोल्यांएवढ्या बागेवर पाच एकराच्या थाटात फवारणी केली. मी नको म्हणायला हवं होतं का? निंबोळी अर्काला कोण नको म्हणतं. आदिनाथ तर मागं उभा राहून नुसता चमकत होता. आप्पांनी त्याच्या बागेला हात लावला होता.

जाताना आप्पा त्याला म्हणाले की वांगी बरी आहेत. पोरगं रात्री झोपेतही हसत होतं.

पुढच्या काही दिवसांत बाग वाकडी झाली. वाकडी म्हणजे शब्दशः. वांग्याची पानं पापड भाजताना वळतो तशी वळली, शेंडे पिळवटले, वाटाण्याच्या वेलांनी माना टाकल्या, घेवड्याची कोवळी पानं आक्रसून दोऱ्यासारखी झाली. आधी मला वाटलं थंडी, मग वाटलं पाणी. आम्ही पाणी कमी केलं, मग जास्त केलं, रात्री जुन्या साड्या पांघरल्या. सृष्टी रोगांचे व्हिडिओ बघून रोज नवा आजार सांगायची. माझ्या लग्नातला शालू सोडून घरातलं सगळं कापड त्या बागेवर पडलं, पण फरक शून्य.

आदिनाथ मात्र बागेत जायचा बंद झाला. जेवेना, बोलेना. मी समजले, वाईट वाटतंय. मग एका संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते तेव्हा तो ओट्याला टेकून उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "आई, झाडं मी मारली."

मी गॅस बंद केला.

सृष्टीनं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं की माणसाच्या शूमध्ये नत्र असतं आणि ते झाडांना फार चांगलं. तिनं हे ज्ञान भावाला दिलं. दहापट पाणी मिसळायचं असतं हेही सांगितलं, पण ते ऐकायला तो थांबलाच नाही. तेव्हापासून आमचे चिरंजीव रोज शाळेतून आल्यावर गुपचूप मागच्या दारानं बाहेर जायचे आणि एका वांग्याची सेवा करून यायचे. पाळीपाळीनं. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, असा अन्याय नको म्हणून. आता सगळी झाडं मेली ती त्याच्या शूनं मेली, आणि आप्पांनी चांगली म्हटलेली वांगी त्यानंच मारली. हे सांगून तो जो रडायला लागला ते ऐकवत नव्हतं. मी उभ्या आयुष्यात शेकडो कबुलीजबाब वाचलेत, एकही एवढा खरा नव्हता. हसू यायला हवं होतं, आणि आलंच नाही. त्याला पोटाशी धरून मीही रडले.

तेवढ्यात ज्ञानेश्वर उठून मागं गेला. कशाला गेला कोण जाणे, बहुधा रडारड सहन होईना. परत आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "हरळी कशी काय जिवंत आहे?"

बागेच्या कडेला आम्ही उपटून उपटून दमलो ती हरळी. मी जाऊन पाहिलं. वांगी, वाटाणा, घेवडा, गाजर, मेथी, सगळ्याची वाट लागलेली, आणि हरळी तेवढी हिरवीगार, ताठ, जसं काही तिच्याच घरचं लग्न आहे. ज्ञानेश्वरनं मग लग्नानंतर पहिल्यांदाच मला शेतीतलं काहीतरी समजावून सांगितलं. उसात रुंद पानाचं तण मारायला एक तणनाशक मारतात. ऊस, हरळी, गवत यांना त्याचं काही होत नाही. वांगं, वाटाणा, घेवडा असलं काही समोर आलं की ते पिळवटून जातं. ते मारलेला पंप नीट धुतला नाही आणि त्यात नंतर गंगाजल भरून फवारलं, तरी भाजीपाला गेलाच. आमच्याकडे यायच्या आदल्या आठवड्यात आप्पांनी उसावर तेच मारलं होतं, त्या दिवशी त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं.

"मग झालं तर," मी म्हटलं. "आप्पांना फोन लावते."

तो म्हणाला, दादा कबूल करणार नाहीत. त्याचं कारणही सांगितलं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या बांधावरच्या सहादेवनं, म्हणजे यांच्या चुलतभावानंच, असंच फवारलं होतं आणि वाऱ्यानं उडून आप्पांची कपाशी वाकडी झाली होती. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं पंपवाला. ते इतकं चिकटलं की लग्नाच्या पत्रिका हल्ली त्याला त्याच नावानं जातात. दोघांत बोलणं नाही. आणि तेव्हापासून आप्पा दिसेल त्याला सांगतात, पंप तीन वेळा धुवावा.

तरी मी फोन केला. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पंप म्या सोता धुतो. मग म्हणाले थंडी. मग म्हणाले तुमची मातीच तसली. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकलं होतं. दुसऱ्याचं अंगण वाकडं करून वर त्यालाच बोल लावणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. मी आवाज चढवला, त्यांनी फोन ठेवला.

आदिनाथला मी सगळं समजावून सांगितलं, हरळी दाखवली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आप्पा कसे चुकतील? तू आई आहेस म्हणून असं म्हणतेस." साक्षीदार नात्यातला आहे म्हणून त्याची साक्ष ग्राह्य नाही, हा मुद्दा मी स्वतःच कितीदा मांडलाय. त्याचं म्हणणं खोडू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो फोन ठेवून बसला होता.

वाफे आम्ही उपटले. विष लागलेलं खायचं नाही म्हणून गाजरंसुद्धा फेकली. आणि आदिनाथनं एक नवीनच चालू केलं. तो झाडाच्या जवळून जाईना. शाळेच्या मैदानात कडुनिंबाखाली डबा खायची मुलांची जागा, तिथून उठून पायरीवर बसू लागला. त्याच्या बाईंनी मला विचारलं, घरी काही झालंय का. मी काय सांगणार, बाई, खुनाचा आरोपी आहे?

भोगीला आम्ही वस्तीवर गेलो. न खाई भोगी तो सदा रोगी; तेव्हा माझं नाक कापलेलं असलं तरी जेवायला जाणं भाग होतं. मी पिशवीत वांग्याची एक वाळलेली फांदी आणि हरळीचा एक हिरवा झुबका घेतला. घोडेगावच्या पुढं आदिनाथला शू लागली. गाडी थांबवली तर तो खाली उतरून इकडंतिकडं बघत उभा राहिला. एका बाजूला कांदा, एका बाजूला ऊस.

"इथे काही उगवतं का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, बाळा, रस्त्याच्या कडेला कर, काही होत नाही. तो परत गाडीत बसला. धरून ठेवतो म्हणाला. वस्तीवर पोचल्यावर मी त्याला न्हाणीघरात नेलं तर तिथूनही बाहेर आला, कारण वस्तीवरच्या मोरीचं पाणी पाटानं केळीला जातं, हे त्याला आप्पांनीच कौतुकानं दाखवलं होतं. संडासाचा खड्डा उसाच्या बांधाला. त्यामुळे तेही नाही. पोरगं अंगणातल्या फरशीवर पायाला पाय आवळून उभं राहिलं. आप्पांच्या मातीला पाय लावायला तयार नव्हतं.

माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. आत जाऊबाई तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होत्या, सासूबाई गोजरबाई ओले हरभरे सोलत बसल्या होत्या, आणि आप्पा बशीतून चहा पीत होते. मी पिशवी त्यांच्यापुढे उलटी केली. वाळकी फांदी आणि हिरवी हरळी.

आप्पांनी पाहिलं. बशी खाली ठेवली. "थंडीनं," ते म्हणाले.

सासूबाईंनी सोलायचं थांबवलं नाही. फक्त फांदीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "थंडीनं हरळी पिवळी पडती, आप्पासाहेब. वांगं असं पिळवटत न्हाई."

मी भांडणाची सगळी तयारी करून आले होते. पुरावा, युक्तिवाद, सहादेवरावांचा दाखला, सगळं. पण दारातून ते पोरगं दिसत होतं, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"आप्पा, मला तुमची माफी नको. माझा शब्द गेला, तो गेला. पण त्याला वाटतंय त्याच्या शूनं झाडं मेली. घोडेगावपासून धरून आहे. तुमचं रान मरेल म्हणून मोरीतसुद्धा जात नाही. माझं ऐकत नाही, तो तुमचंच ऐकतो. मला त्याची फक्त शू सुटायला हवी आहे."

बाहेर फरशीवर आदिनाथ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. आप्पांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. उठले आणि बाहेर गेले. मी दारामागं उभी राहिले. चोरून ऐकणं माझ्या धंद्याला शोभत नाही, पण मी तेव्हा धंद्यावर नव्हते.

आप्पा त्याच्यासमोर उकिडवे बसले. गुडघेदुखीमुळे ते एरवी असं बसत नाहीत.

"तुजी वांगी म्या मारली," ते म्हणाले. "पंपात उसाचं औषद ऱ्हायलं हुतं."

आदिनाथनं विचार केला. "पण तो तीन वेळा धुवायचा असतो ना?"

"व्हय."

"मग तुम्ही किती वेळा धुतला?"

आतमध्ये भाकरी थापायचा आवाज थांबला. "येकदा बी न्हाई," आप्पा म्हणाले. "घाई हुती. म्हनलं निंबोळीच तर मारायचीय."

"आणि माझी शू?"

"तिनं काय बी झालं न्हाई. उलट त्यानंच वांगी एवडी जोरात हुती. म्या बघितलं की नव्हं? म्या म्हनलो, बरी हायेत. माज्या रानात बी तसली न्हाईत." शेवटचं वाक्य ते इतकं हळू म्हणाले की मला अंदाजानंच घ्यावं लागलं. पण आदिनाथला ऐकू गेलं. त्याचा चेहरा मी शब्दांत सांगू शकत नाही. गेले काही आठवडे त्या चेहऱ्यावर जे बसलेलं होतं ते उठून गेलं, एवढंच मला दिसलं, आणि मी पदर तोंडाला लावला.

"मग मी आता करू?" त्यानं विचारलं. आवाजात आता फार वेळ उरलेला नव्हता.

"कर की."

"कुठे करू? कुणाला पाहिजे?"

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, डोळ्यांवर हात धरला आणि सगळ्या रानावरून सावकाश नजर फिरवली, बियाणं निवडताना फिरवतात तशी. पोरगं त्यांच्या शेजारी पाय आवळून, दात आवळून थांबलं. शेवटी आप्पांनी विहिरीजवळ बोट दाखवलं.

"त्या लिंबोनीला. दोन वर्सं झाली लावून, जागची हलंना. तिला दे."

आदिनाथ फरशीवरून मातीत उतरला आणि चड्डीची नाडी सोडत विहिरीकडं पळत सुटला.